दागबोनचं भांडण अंत्यविधीवरून पेटलं

घानाच्या उत्तरेकडे २००२ साली एक राजा भाऊबंदकीत मारला गेला हे खरं का, आणि नुसत्या गादीसाठी इतकं रक्त कसं सांडतं, असं तुम्ही विचारलंय.

खरं आहे. मी तीन वर्षं तामाले शहरात नोकरीला होतो. तो सगळा मुलूख दागोम्बा लोकांच्या दागबोन राज्याचा. राजधानी येंडी, राजाला म्हणतात या-ना. आपण गादी म्हणतो, ते ‘कातडं’ म्हणतात, कारण राजा खरोखरच जनावरांच्या कातड्यांवर बसतो.

एकोणिसाव्या शतकातल्या एका या-नाच्या दोन मुलांपासून अबुदू आणि अंदानी ही घराणी झाली. राज्य आळीपाळीने करायचं, असा रिवाज. पुढे त्यात सरकारांनी हात घातला. १९७४ साली अबुदूंच्या महामादूंना उतरवून अंदानींचे याकुबू बसवले गेले. महामादू १९८८ मध्ये वारले आणि खरी गाठ तिथे बसली.

माझ्या मते हे भांडण गादीपेक्षा अंत्यविधीचं आहे. दफन लगेच होतं, पण राजाचा मोठा विधी नंतर, येंडीच्या ग्बेवा राजवाड्यातच व्हावा लागतो. या-ना व्हायचं तर बाप या-ना असावा लागतो, शिवाय कारागा, सावेलुगू किंवा मिओनची सरदारकी लागते. महामादूंचा विधी राजा म्हणून झाला नाही, तर त्यांच्या मुलांची वाटच बंद! तीस वर्षं तो अडून राहिला.

मार्च २००२ मध्ये, मशाली पेटवण्याच्या बुगुम सणाच्या दिवसांत, येंडीत तीन दिवस लढाई झाली. २७ तारखेला राजवाडा जळाला. याकुबूंचं शिर धडावेगळं केलं. त्यांच्यासोबत किमान तीस माणसं गेली. खटला चालला, २०११ मध्ये आरोपी सुटले. याचं मला आजही वाईट वाटतं.

तोडगा काढला तो घानातल्याच असांते लोकांच्या राजासह तीन मोठ्या राजांनी. आधी महामादूंचा विधी, मग याकुबूंचा, दोन्ही राजवाड्यात. त्यानंतर जानेवारी २०१९ मध्ये सावेलुगूचे सरदार या-ना झाले.

आमचा ड्रायव्हर येंडीचा. आपण कोणत्या घराण्याचे, हे त्याने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये, महामादूंच्या विधीच्या आदल्या आठवड्यात, तो नवा पट्ट्यापट्ट्यांचा हातमागाचा डगला घेऊन सुट्टी मागायला आला, तेव्हा कळलं.