माशाच्या नावामागचं गाव पुसू नकोस

बडोद्यात तुझ्यासारखं कुणी किलीफिश, म्हणजे हे छोटे रंगीत मासे, पाळायला घेतंय, याचा मनापासून आनंद झाला. सुरुवातीला एवढंच सांभाळ.

टाकीच्या चिठ्ठीवर 'गार्डनेरी' एवढं जातीचं नावच लिहून थांबू नकोस, मूळ गावही लिही. नायजेरियातल्या आकुरेचा गार्डनेरी वेगळा, कॅमेरूनमधल्या मिसाजेचा वेगळा. जात एकच, पण वाण निराळे. पिल्लं आपल्या दांडिया बाजारात जन्मली तरी त्यांचं गाव आकुरेच राहतं, कारण मूळ मासे तिथून धरलेले असतात.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- दोन गावांचे मासे एका टाकीत ठेवतात. माद्या बऱ्याचदा इतक्या सारख्या दिसतात की मिसळल्यावर निवडता येत नाहीत, आणि संकराला कुठलंच गाव लावता येत नाही.
- रंग पाहून अंदाजाने गाव लिहितात. असं कधीच करू नकोस. विकणाऱ्याने सांगितलं नसेल तर सरळ 'ठिकाण अज्ञात' लिही. ते मासेही तितक्याच मायेने पाळावेत.
- चिठ्ठी झाकणावर चिकटवतात. मी हेच केलं होतं. साफसफाईत दोन झाकणांची अदलाबदल झाली आणि दोन वर्षं जपलेली जोडी निनावी झाली. अजून हळहळ वाटते.

चिठ्ठी टाकीच्या काचेवरच लाव. काच कोरडी पुसून मास्किंग टेप, त्यावर पेन्सिलीने जात, गाव, कुणाकडून आणि कधी आणले ते. शाई ओल्या बोटाने पसरते, पेन्सिल टिकते. हेच सगळं वहीतही उतरव, आणि पिल्लं कुणाला दिलीस तर पिशवीवर पूर्ण नाव लिहून दे.

मूळ मासे कुठे, कधी धरले ते सांगणारे सांकेतिक क्रमांक वगैरे पुढे बघू. आधी एकच वाण घे.