‘नासाची झाडं’ आणि फर्निचरचा वास

प्रश्न : नवीन फ्लॅटमध्ये प्लायवूडचं फर्निचर केलंय, वास जात नाही. नर्सरीवाले म्हणाले, ‘नासानं सांगितलेली’ सहा झाडं ठेवा, हवा शुद्ध होते. खरं का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : अर्धंच. नासाचे शास्त्रज्ञ बिल वॉल्व्हर्टन यांचा 1989चा अहवाल आहे खरा. गंमत म्हणजे, त्याआधी ते जलपर्णीच्या मागे होते. पाषाण तलावातून, मुळा-मुठेतून उपसून आपण थकतो, तीच! मिसिसिपीतल्या नासाच्या केंद्रात त्यांनी तिच्याकडून सांडपाणी साफ करून घेतलं. मग बंद पेटीत कुंडी ठेवायची, बेंझिन किंवा फॉर्मल्डिहाइड (प्लायवूडच्या गोंदातून निघतो तो वायू) सोडायचं आणि उरलेलं मोजायचं, असे प्रयोग केले. प्रमाण घटलं. त्यात मोठा वाटा पानांपेक्षा मुळांभोवतीची माती आणि तिच्यातल्या जिवाणूंचा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी कुंडीत कोळसा घालून पंख्यानं हवा मुळांतून खेचूनही पाहिली.

पण तुमचं घर म्हणजे बंद पेटी नव्हे. 2019च्या एका आढाव्यात हिशोब मांडलाय : इमारतीत एरवी जी हवा खेळते, तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. बसणार कुठे मग?

माझ्याकडे मनी प्लांट, स्नेक प्लांट धरून 14 कुंड्या आहेत. कपाटाला पॉलिश केलं तेव्हा डोळे चुरचुरायचे ते चुरचुरलेच. समोरासमोरच्या खिडक्या उघडा, कपाटांची दारंही. झाडं जरूर आणा. फक्त स्नेक प्लांटला रोज पाणी घालू नका, कुजतो.