स्मृतिभ्रंशाच्या जोखमीची चाचणी आधीच करून घेतली, तर विमा कंपनी त्याचा गैरफायदा घेऊ शकते का?

घेऊ शकते. किती, ते चाचणी कोणती आणि विमा कोणता यावर आहे.

अमेरिकेचंच बघा. जनुकीय माहितीवरून होणारा भेदभाव रोखणाऱ्या तिथल्या २००८ च्या 'जीना' कायद्यानुसार, स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या एपीओई-४ सारख्या जनुकाचा निकाल आरोग्य विम्यात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. पण आयुर्विमा, अपंगत्व विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा या कायद्यात येतच नाहीत. म्हणजे स्मृतिभ्रंश झाल्यावर जो विमा सगळ्यात जास्त लागणार, नेमका तोच उघडा! कॅनडाचा २०१७ चा कायदा जास्त कडक आहे. कुठल्याही कराराची अट म्हणून जनुकीय चाचणी किंवा तिचा निकाल मागणं तिथे गुन्हा आहे.

आता खरी मेख. पी-टाऊ २१७ या प्रथिनाची रक्तचाचणी किंवा मेंदूत साठलेलं अमायलॉइड प्रथिन दाखवणारा पेट स्कॅन या जनुकीय चाचण्याच नाहीत. त्या मेंदूत चाललेल्या बदलांच्या खुणा दाखवतात, त्यामुळे जनुकांसाठी केलेलं संरक्षण त्यांना लागू होत नाही. एकदा निकाल फाइलमध्ये गेला की अर्जातल्या 'स्मरणशक्तीसाठी कधी तपासणी केली आहे का?' या प्रश्नाला 'हो' लिहावंच लागतं. खोटं लिहिलंत तर पुढे दावाच फेटाळला जाऊ शकतो, ते करू नका.

एपीओई-४ असलेल्या अनेकांना हा आजार कधीच होत नाही. अर्जाच्या रकान्याला हे कोण सांगणार?

लक्षणं नसतील आणि विमा घ्यायचाच असेल, तर माझ्या मते आधी पॉलिसी, मग चाचणी. लक्षणं असतील तर मात्र विम्यापायी डॉक्टरांकडे जाणं लांबवू नका.