बाहेर गुडघाभर बर्फ आणि एप्रिलमध्ये बोस्टन मॅरेथॉन: चढांची तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मूळचे पुण्याचे, आता अमेरिकेत बोस्टनच्या पश्चिमेला वूस्टरजवळ राहता, एका धर्मादाय संस्थेतर्फे बोस्टनचा बिब, म्हणजे शर्यतीत धावायचा क्रमांक, मिळालाय. बाहेर बर्फ साचलाय, हार्टब्रेक हिलची, म्हणजे शर्यतीच्या उत्तरार्धात न्यूटन गावात लागणाऱ्या चार चढांपैकी शेवटच्या चढाची, धास्ती आहे, म्हणून रोज जिममध्ये ट्रेडमिलला चढ लावून पळताय. एवढं पुरेल का?

नाही पुरणार. मी पहिल्या वर्षी नेमकं हेच केलं होतं, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय.

मी साताऱ्याचा. यवतेश्वराच्या घाटात पळत शिकलो, सातारा हिल हाफ मॅरेथॉन दोनदा केली. इथे आल्यावर हार्टब्रेकचे आकडे वाचले, सुमारे ६०० मीटर अंतरात साधारण २७ मीटर चढ, आणि मला हसूच आलं. आमच्याकडे याला टेकाडसुद्धा म्हणणार नाहीत. तरी सावधगिरी म्हणून अख्खा हिवाळा ट्रेडमिलवर पाच-सहा टक्के चढ लावून घाम गाळला. फेब्रुवारीत वाटत होतं, आता हार्टब्रेक म्हणजे किस झाड की पत्ती.

शर्यतीत हार्टब्रेकपर्यंत पोहोचायच्या आधीच माझा निकाल लागला. साधारण २६ किलोमीटरवर, न्यूटन लोअर फॉल्सचा उतार संपतो तिथे, मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या. दम अजिबात लागला नव्हता, श्वास मस्त चालू होता. फक्त पाय माझे राहिले नव्हते. पुढचे चारही चढ मी चालत गेलो. हार्टब्रेकवर एक आजीबाई मला संत्र्याची फोड देऊन म्हणाल्या, आता सगळा उतारच आहे. ते ऐकून रडायला आलं, कारण तोवर उतार चढापेक्षा जास्त दुखायला लागला होता.

चूक कुठे झाली ते साताऱ्याशी ताडून बघितल्यावर कळलं. साताऱ्यात आधी घाट चढायचा आणि मग उतरायचा. उतरून झालं की शर्यत संपते. मांड्या दुसऱ्या दिवशी दुखल्या तर दुखल्या. बोस्टन बरोब्बर उलटं आहे. हॉपकिंटनची सुरुवातीची रेषा समुद्रसपाटीपासून जवळजवळ १५० मीटरवर आहे आणि शेवट बॉयल्स्टन स्ट्रीटवर, जवळपास समुद्राच्या पातळीला. पहिल्या साडेसहा किलोमीटरमध्येच सुमारे ९० मीटर उतरून जातं. त्यात भर म्हणून गर्दी, आरडाओरडा, ताजे पाय. माणूस बेभान सुटतो. ॲशलंड, फ्रेमिंगहॅम, नेटिक, वेलस्ली करत निम्म्याहून जास्त शर्यत होते, आणि न्यूटनचे चढ तेव्हा कुठे सुरू होतात. म्हणजे सिंहगड आधी उतरायचा आणि त्याच पायांनी मग पुन्हा चढायचा.

सिंहगडाचं उदाहरण मुद्दाम दिलं, तुम्ही पुण्याचे म्हणून. आठवून बघा, गड चढताना छाती फुटते, पण दुसऱ्या दिवशी घराचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो तो चढण्यामुळे नाही, उतरण्यामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, गाडीला ब्रेक लावल्यासारखा. त्यात स्नायूंचे तंतू बारीक बारीक फाटतात. चांगली गोष्ट अशी की शरीर हे फार लवकर शिकतं. एकदा उताराचा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तोच उतार निम्म्यानेही त्रास देत नाही. दर रविवारी गडावर जाणाऱ्यांचे पाय म्हणूनच दुखत नाहीत.

आता हिवाळ्यातली गोची बघा. बहुतेक ट्रेडमिल वर जातात, खाली जात नाहीत. जातात त्यातल्या बऱ्याचशा तीन टक्क्यांवर थांबतात. आणि बाहेरच्या बर्फाळ रस्त्यावर उतारावर पळणं म्हणजे हाड मोडून घेणं. म्हणजे चढाचा सराव हवा तेवढा मिळतो आणि उताराचा, जो खरा लागतो, तो चार महिने मिळतच नाही. (काही जण ट्रेडमिलच्या मागच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवतात. मी ते केलं नाही, तुम्हीही करू नका.)

दुसऱ्या वर्षी मी काय केलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे बैठका. आजोबा तालमीत मारायचे त्याच, फक्त खाली जाताना मनात चारपर्यंत मोजत सावकाश जायचं आणि वर झटकन यायचं. शिवाय घराच्या जिन्यावर पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच खालच्या पायरीला अलगद टेकवायची आणि परत वर. प्रत्येक पायाला दहा-बारा वेळा, असे तीन फेरे, आठवड्यातून दोनदा. दिसायला पोरखेळ आहे. पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या खुर्चीत बसताना माझ्या तोंडातून ‘आई गं’ निघायचं.

दुसरं म्हणजे बहुमजली पार्किंग. आमच्या ऑफिसची पार्किंगची इमारत शनिवारी ओस पडलेली असते. आत बर्फ नाही, वारा कमी, आणि रॅम्पला चांगला उतार. रखवालदाराला आधी विचारलं. त्याने मला वेड्यात काढलं, पण हो म्हणाला. वर चालत किंवा रमतगमत जायचं आणि खाली पळत यायचं. छोटी, भरभर पावलं, अंग मागे न रेलता, टाच आपटून ब्रेक न लावता. सुरुवातीला सहा फेऱ्या, नंतर वाढवत पंधरा. गाड्यांकडे लक्ष ठेवा आणि कानात काही घालू नका. हे दर दहा-बारा दिवसांनी एकदाच करायचं, कारण दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोहोचतं आणि मध्ये भरून यायला वेळ द्यावा लागतो. शेवटचा असा सराव शर्यतीच्या तीन आठवडे आधी, नंतर नाही.

तिसरं, रस्ता मोकळा झाला की खऱ्या मार्गावर जाणं. याबाबतीत तुम्ही नशीबवान आहात, सगळं गाडीने तासाभराच्या आत आहे. न्यूटनमध्ये कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूला लागून कॅरेज रोड म्हणून एक समांतर गल्लीवजा रस्ता आहे. मुख्य वाहतूक तिथे येत नाही, म्हणून हिवाळ्यात शनिवारी सकाळी अर्धं बोस्टन तिथेच पळत असतं. वाटेत जॉनी केलीचा पुतळा लागतो, तरुण केली आणि म्हातारा केली हातात हात घालून पळताहेत असा. हा माणूस १९३५ आणि १९४५ मध्ये जिंकला आणि १९९२ मध्ये, ८४ व्या वर्षी, इथे शेवटचा धावला. हार्टब्रेक हे नावही त्याच्याच फजितीवरून पडलं. १९३६ मध्ये त्याने या चढांवर आघाडीवरच्या टार्झन ब्राउन या धावपटूला गाठलं आणि पुढे जाताना त्याच्या पाठीवर थाप मारली. ब्राउन चवताळून सुटला आणि जिंकला. केलीचं काळीज तुटलं, असं वार्ताहराने लिहिलं. थाप जरा जपून मारावी.

बर्फाबद्दल थोडं. साचलेला पांढरा बर्फ दिसतो, त्याची भीती नाही. घात करतो तो ब्लॅक आइस. दुपारी रस्त्याकडेच्या ढिगाऱ्यांतलं पाणी वितळून डांबरावर पसरतं आणि रात्री त्याची काच होते. पहाटे सहाला पळायची आपली भारतातली सवय इथे अंगाशी येते. मी तसाच एका पहाटे घरासमोरच्याच उतारावर पडलो, मनगटाला बारीक तडा, तीन आठवडे बाद. तेव्हापासून जानेवारी-फेब्रुवारीत शक्यतो दुपारी बारा ते तीनमध्ये पळतो, जेवणाची सुट्टी त्यात घालवून. डिसेंबरमध्ये सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे ऑफिस सुटल्यावर पळायचं तर डोक्याला दिवा आणि अंगावर चमकणारं जाकीट हवंच. ढिगाऱ्यांमुळे रस्ते अरुंद होतात, गाडीला बाजूला व्हायला जागा उरत नाही.

बुटांना ओढून चढवायचे काटे मिळतात, पण मी वेगळंच करतो. जुन्या जोडाच्या तळव्याला कडेकडेने दहा-बारा पत्र्याचे स्क्रू, षटकोनी डोक्याचे, तीन-अष्टमांश इंचाचे. हार्डवेअरच्या दुकानात मूठभर मिळतात. तळवा पातळ असलेल्या बुटात लावू नका, आत टोचतील. घट्ट बर्फावर पकड उत्तम बसते. मोकळ्या डांबरावर मात्र घोडा चालल्यासारखा आवाज येतो आणि घसरायलाही होतं.

कपड्यांचं गणित सोपं आहे: बाहेर आहे त्यापेक्षा दहा अंश जास्त आहे असं समजून कपडे घालायचे. दारातून बाहेर पडताना थोडी थंडी वाजली पाहिजे. अंगालगत सुती काही नको, ते घाम धरून ठेवतं. बोटांच्या हातमोज्यांपेक्षा मिटन्स (चारही बोटं एकत्र राहतात ते) गरम. गालांना व्हॅसलीन. जाताना वारा तोंडावर घ्या आणि येताना पाठीवर, उलटं केलंत तर घामेजल्या अंगावर वारा झेलत परत यावं लागेल. वारा धरून उणे २० च्या खाली गेलं की मी घरीच ट्रेडमिलवर. पाण्याची बाटली उलटी धरा, बर्फ वरच्या बाजूला आधी धरतो, मग तोंड मोकळं राहतं. आणि आईने पाठवलेली चिक्की खिशात ठेवू नका. उणे दहाला तिचा दगड होतो, माझ्या दाढेला विचारा.

ताज्या बर्फात वेग बघायचा नाही, वेळ बघायची. दोन तास म्हणजे दोन तास, किलोमीटर किती झाले ते विसरा. घरासमोरचा बर्फ फावड्याने उपसलात तर तोही त्या दिवसाचा व्यायाम धरा, कमरेला तो तसाच लागतो.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. चार महिने थंडीत पळून एप्रिलमध्ये तुम्हाला ऊन सोसेल की नाही हे देवाला ठाऊक. २०१२ मध्ये शर्यतीच्या दिवशी पारा तिशीपार गेला होता. आणि २०१८ मध्ये चार-पाच अंश, वर मुसळधार पाऊस आणि समोरून वारा. त्या वर्षी पुरुषांत जिंकला तो जपानचा युकी कावाउची, जो याच राज्यातल्या मार्शफील्डला १ जानेवारीच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत एक मॅरेथॉन पळून गेला होता. त्यामुळे वाईट हवामानाचा एखादा दिवस चुकवू नका. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत मात्र एक जादा थर घालून थोडं सावकाश पळा, घामाची सवय व्हावी म्हणून.

मार्चच्या अखेरीस धर्मादाय संस्थांचे बहुतेक गट हॉपकिंटनपासून बोस्टन कॉलेजपर्यंत २१ मैल एकत्र पळतात. तुमच्या संस्थेला आत्ताच विचारून ठेवा. मांड्यांची खरी परीक्षा त्या दिवशी होते. त्या दिवशी पहिले दहा किलोमीटर इतके हळू पळा की शेजारच्याला कंटाळा आला पाहिजे. मी दुसऱ्या वर्षी हे पाळलं आणि एप्रिलमध्ये पहिल्या वर्षापेक्षा ४० मिनिटं आधी पोहोचलो. हार्टब्रेकवर चाललो नाही. वेगातही गेलो नाही म्हणा.

त्याआधी, जानेवारीत दोन-चार दिवस बर्फ वितळतो तेव्हा, एक फेरी मारा. न्यूटनमधल्या वुडलँड स्टेशनला गाडी लावा, तिथून अग्निशमन केंद्रापाशी उजवीकडे कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूला वळा आणि चढ संपवून बोस्टन कॉलेजपर्यंत जा. साधारण सात किलोमीटर होतात. परत त्याच वाटेने पळत या, म्हणजे हार्टब्रेक उतरायलाही मिळेल. पाय संपले तर बोस्टन कॉलेजला ग्रीन लाइन ही शहरातली ट्राम आहे, पण ती बी शाखा. वुडलँड डी शाखेवर आहे, त्यामुळे पार बोस्टन शहरातल्या केनमोर स्टेशनपर्यंत जाऊन गाडी बदलावी लागते आणि तासभर तरी जातो. तेवढ्यात अंगावरचा घाम बर्फ होतो. पाठीवरच्या पिशवीत एक कोरडा टी-शर्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, आणि तिकिटाचं कार्ड.