‘क्लू’ : सुताचा गुंडा आणि चंद्र

‘क्लू’ हा इंग्रजी शब्द आपल्या ‘किल्ली’चा नातलग आहे का आणि त्याला मराठीत ‘पुरावा’ म्हणावे का, अशी विचारणा झाली आहे. दोन्हींचे उत्तर नकारार्थी आहे. दुसरी चूक तर गुन्ह्यांच्या बातम्यांतून इतक्या वेळा कानी पडते, की ती चूक आहे हेच लोक विसरले आहेत. पुराव्याने गोष्ट सिद्ध होते. क्लूने केवळ शोध कोणत्या दिशेने न्यावा एवढेच कळते. शब्दकोड्यातला क्लू सर्वांच्या परिचयाचा आहे, तो सोडून देतो.

हा भेद शब्दाच्या जन्मातच आहे. जुन्या इंग्रजीतील ‘क्लिवेन’ म्हणजे सुताचा गुंडा, आणि डच भाषेत ‘क्लुवेन’ हा शब्द आजही त्याच अर्थाने चालतो. ग्रीक पुराणकथेत, क्रीट बेटाचा राजा मिनोस याने डेडॅलस या कारागिराकडून बांधून घेतलेल्या भूलभुलैयात थीसिअस हा वीर शिरला, तेव्हा राजकन्या आरिआडनीने त्याला असाच एक गुंडा दिला होता, आणि बैलाचे शिर असलेल्या मिनोटॉरला मारल्यावर त्याच सुताच्या मागाने तो बाहेर पडला. ही कथा इंग्रजीत सतत सांगितली गेल्यामुळे सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘वाट दाखवणारी गोष्ट’ हा अर्थ पुढे आला आणि गुंडा मागे पडला. मिनोटॉर मेला तो थीसिअसच्या हातून. सुताने फक्त वाट राखली.

किल्लीचा तर्क लॅटिन ‘क्लाविस’वरून, म्हणजे चावीवरून, निघत असावा, परंतु जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेला नियम त्याच्या आड येतो. संस्कृत, लॅटिन आणि इंग्रजी ज्या एका भाषेतून निघाल्या, तिच्यातला मूळचा ‘क’ इंग्रजीत ‘ह’ होतो (लॅटिन ‘कॉर्नू’, इंग्रजी ‘हॉर्न’), तर इंग्रजीतील ‘क’च्या मागे मूळचा ‘ग’ असतो : संस्कृत ‘गो’, इंग्रजी ‘काऊ’; संस्कृत ‘युग’ (जू), इंग्रजी ‘योक’. मग ‘क्लू’चा संस्कृत भाऊ ‘ग्ल’नेच सुरू व्हायला हवा, आणि तो आहे : ‘ग्लौ’! अथर्ववेदात हा शब्द गाठ किंवा गोळा अशा अर्थाने येतो, आणि अमरकोशाने तो चंद्राच्या नावांत घातला आहे, कारण चंद्र हा आकाशातला गोळाच. व्युत्पत्तिकार या नात्यापुढे ‘कदाचित’ लिहून मोकळे होतात. मला ही सावधगिरी अनाठायी वाटते, कारण ध्वनी नियमाला धरून आहेत, अर्थही वाटोळ्या गोळ्याचाच आहे; मग आणखी कशाची वाट पाहायची? सुताचा गुंडा आणि चंद्र एकाच धातूतून निघाले, असे मी निःशंकपणे मानतो.

राहिला प्रतिशब्द. ‘पोलिसांच्या हाती धागेदोरे लागले’ असे आपण म्हणतोच. तेव्हा आरिआडनीचे सूत मराठीत आधीपासून आहे, आणि ‘क्लू’साठी ‘धागादोरा’ याहून नेमका शब्द शोधूनही सापडणार नाही.