तुमचा प्रश्न : फील्डवर्कचा अहवाल परत का येतो?

प्रश्न : मी बी.एस.डब्ल्यू.च्या (समाजकार्याच्या पदवीच्या) पहिल्या वर्षाला आहे. आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्कला एका वस्तीत जाते. माझे अहवाल मॅडम परत देतात, शेरा एकच : 'तू काय पाहिलंस?' घरी आजोबा म्हणतात, समाजसेवा मनातून करायची असते. तुझ्या पणजीने दारी आलेल्याला कधी उपाशी पाठवलं नाही, तिने कुठे डिग्री घेतली होती? मामा म्हणतो, अजूनही बी.कॉम.ला जा. त्यात माझी गुजराती बाजारापुरती. बायका आपसात बोलू लागल्या की निम्मं कळत नाही. सोडून देऊ का? सोबत एक अहवाल पाठवते आहे.
– एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : या कारणांसाठी तरी सोडू नकोस. तुझा अहवाल वाचला. 'आज वस्तीभेट केली. महिलांना स्वच्छतेचे महत्त्व पटवून दिले. त्यांनी उत्तम प्रतिसाद दिला.' बाळा, या तीन वाक्यांत वस्ती कुठेच दिसत नाही. पाणी किती वाजता येतं? नळाशी कोण होतं आणि लांब कोण थांबलं होतं? 'उत्तम प्रतिसाद' म्हणजे त्या नेमकं काय बोलल्या? की पाणी जायच्या आत हंडे भरायचे म्हणून नुसतं 'हा बेन, हा बेन' म्हणाल्या? मॅडम तेवढंच विचारताहेत.

मी इथल्या एका सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्ती होते. क्षयाच्या एका रुग्ण बाईच्या कागदावर शेरा होता : 'सहकार्य करत नाही, औषध सोडले.' ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते. छोटा उदेपूरकडची बाई, बांधकामावर मजुरी करणारी. साध्या क्षयालाही गोळ्या सहा महिने रोज घ्याव्या लागतात. मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका. हे सगळं तिला समजावून झालं होतं. मी शेजारी बसून विचारलं, शेवटची गोळी कुठे असताना घेतलीस? मग उलगडलं. होळीला सगळी मजूर मंडळी गावी जातात, तशी ती गेली. तिथूनच मुकादमाने त्यांना सुरतच्या कामावर नेलं. बरोबरच्या गोळ्या संपल्या. नव्या शहरात कुठल्या केंद्रावर जायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. क्षयरुग्णांच्या आहारासाठी सरकार देतं ते निक्षय पोषण योजनेचे पैसे (तेव्हा महिन्याला ५००, नोव्हेंबर २०२४ पासून १०००) थेट खात्यात येतात, आणि तिच्या नावावर खातंच नव्हतं. गोळ्यांचं महत्त्व तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तिची थोरली बहीण याच रोगाने गेली होती.

पुढचं काम फोनवर फोन करण्याचं आणि कागद जुळवण्याचं होतं : उपचाराची नोंद नव्या जागेच्या केंद्राकडे वळवणं, खातं उघडून देणं, मुकादमाशी बोलणं. तो शेरा तसाच राहिला असता, तर तिला पुन्हा एकदा गोळ्यांवरचं भाषण ऐकवून घरी पाठवलं असतं. बायकांना काय पटवून दिलं हे लिहिण्याऐवजी त्यांनी काय सांगितलं ते लिही, हा माझा आग्रह त्यासाठी आहे.

अहवाल त्याच रात्री लिही, सकाळपर्यंत शब्द बदलतात. बाईचं वाक्य ती ज्या भाषेत बोलली त्याच भाषेत लिही, गुजराती असेल तर गुजराती. तुला स्वतःला काय वाटलं, राग आला, किळस आली, रडू आलं, ते वेगळ्या परिच्छेदात. आयसीमध्ये, म्हणजे फील्डवर्कवरच्या एकेकट्याच्या चर्चेत, मॅडमशी बोलायला तोच परिच्छेद सर्वांत उपयोगी. खरं नाव लिहू नकोस, आद्याक्षर पुरे. आणि वस्तीतल्या मुलांचे फोटो स्टेटसला लावू नकोस, कितीही गोड असले तरी. केसवर्कच्या, म्हणजे एकेका व्यक्तीबरोबर करायच्या कामाच्या, तासाला गुप्ततेचं तत्त्व शिकतो आपण, ते पाळायची जागा हीच.

गुजरातीचं म्हणशील तर कळलं नाही की तिथेच विचार, 'बेन, आनो अर्थ शुं?' त्या आनंदाने शिकवतात. ज्या बाईला सगळे शिकवायलाच येतात, तिला एकदा शिकवायला मिळतं, आणि त्यानंतर ती तुझ्याशी वेगळं बोलते.

आजोबांशी वाद घालू नकोस. पणजीचं मन मोठं होतं, त्याचा अभिमान बाळग. पण त्यांना एकदा कमाटीबागेत घेऊन जा. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा सरकारच्या नोकरीत आले. जात कळताच त्यांना राहत्या जागेतून बाहेर काढलं आणि ते त्या बागेत येऊन बसले. दारी आलेल्याला जेवू घालणारी घरं शहरात तेव्हाही होतीच. तरी त्या माणसाला राहायला खोली मिळाली नाही. अशी दारं कोण बंद करतं, कोणत्या रिवाजाने, कोणत्या कायद्याने उघडता येतील, हे शिकावं लागतं. म्हणून १९३६ मध्ये मुंबईत टाटांच्या देणगीतून समाजकार्याची देशातली पहिली संस्था निघाली. आपलं महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ चं, आणि त्यातली समाजकार्याची विद्याशाखाही सुरुवातीच्याच काळातली. बडोद्यात हा विषय नवा नाही.

प्रश्न : मुलगी बारावीनंतर बी.एस.डब्ल्यू. म्हणते आहे. नोकरी लागेल का? वस्त्यांत एकटं फिरणं सुरक्षित आहे का?
– एक वडील, कारेलीबाग

उत्तर : नुसत्या बी.एस.डब्ल्यू.वर स्वयंसेवी संस्थांत फील्डची कामं मिळतात. जिल्हा बालसंरक्षण युनिटातल्या समाजकार्यकर्त्याच्या कंत्राटी पदालाही ही पदवी चालते. पगार सुरुवातीला कमी असतो, हे आधीच घरात बोलून ठेवा. रुग्णालयातल्या किंवा कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) विभागातल्या चांगल्या जागांना बहुधा एम.एस.डब्ल्यू. ही पुढची पदव्युत्तर पदवी मागतात. मानसोपचाराच्या क्षेत्रात जायचं तर त्याच्याही पुढचं खास शिक्षण लागतं. तेव्हा पाच वर्षांचा हिशेब धरा. एम.एस.डब्ल्यू.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो, हेही तिला सांगा, पण बी.एस.डब्ल्यू. केलेल्या मुलीच्या गाठी आधीच काही वर्षांचं फील्डवर्क असतं, आणि ते कामात दिसतं.

सुरक्षिततेचं विचारलंत हे बरं केलंत. विद्यार्थी सहसा जोडीने जातात, त्यांना संस्था नेमून दिलेली असते आणि पर्यवेक्षक ठरलेला असतो. प्रवेशाच्या वेळी विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा : जोडी कशी ठरते, संध्याकाळी किती वाजेपर्यंत थांबवतात, आणि अडचण आल्यास फोन कुणी उचलायचा. उत्तरं मुलीच्या समोरच घ्या.