पाणी एक दिवसाआड येतं आणि वीजबिलही वाढलंय. घरी कपडे कसे धुवावेत?

सगळ्यात जास्त पाणी खळबळण्यात जातं, म्हणून बचत तिथेच करायची. साबणाचे कपडे थेट स्वच्छ पाण्यात बुडवू नका. आधी घट्ट पिळा. सेमी-ऑटोमॅटिक मशीन असेल तर ड्रायरमध्ये दोनेक मिनिटं फिरवा. नळीतून मळकट, फेसाळ पाणी कसं भसाभस बाहेर येतं ते बघा! एवढा साबण आधीच निघून गेला की एक-दोन बादल्यांत काम भागतं. शेवटच्या खळबळण्याचं पाणी ठेवून द्या, दुसऱ्या खेपेचे कपडे त्यातच भिजवा. आधी पांढरे, मग फिक्या रंगाचे, शेवटी पायपुसणी. उरलेल्या पाण्याने मोरी धुऊन निघते.

पावडर मोजून घाला, जास्त फेस म्हणजे जास्त पाणी. कॉलर-बाह्या आधी ब्रशने घासून घ्या.

विजेचं म्हणाल तर ऑटोमॅटिक मशीनमध्ये मोटरपेक्षा पाणी तापवण्यालाच जास्त वीज लागते. रोजच्या कपड्यांना गार पाणी पुरतं. हीटर आजारी माणसाच्या चादरींसाठी किंवा तेलकट कपड्यांसाठी ठेवा. मशीन भरल्याशिवाय लावू नका. नवीन घ्यायचं असेल तर फ्रंट लोड घ्या, टॉप लोडपेक्षा त्याला बरंच कमी पाणी लागतं. वाळवायला दोरी आणि ऊन आहेच, रंगीत कपडे तेवढे उलटे करून वाळत घाला.